पाहुणी जाते, शिकवलेलं राहतं

 

आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आपल्या माणच्या शिवाराला लागूनच हिंजवडीच्या कंपन्या आहेत. तिथं देशोदेशीची माणसं कामाला येतात. सुट्टीच्या दिवशी त्यातली काही जण अंध, कर्णबधिर किंवा मतिमंद मुलींच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जातात. तर दुसरीकडे आपल्याच गटातल्या बायकांच्या शिकलेल्या मुली विचारतात, "ताई, परदेशात जाऊन अशा मुलींसाठी काम करता येतं म्हणे. पैसे भरले की दोन-चार आठवडे नेतात. जाऊ का?"

गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, जाऊ द्या, जग बघेल पोरगी. काही म्हणाल्या, आपल्या आळीत दाराआड बसलेली मुलगी आहे, तिच्याकडं आधी बघा. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं आहे. म्हणून आज आपण बघू, की परक्या मुलखात जाऊन अशा मुलींसाठी केलेलं काम खरोखर कधी उपयोगी पडतं आणि कधी नुसता देखावा होतो. यासाठी लांब जायला नको. सव्वाशे वर्षांपूर्वी परदेशातल्या बाया आपल्याकडं आल्या होत्या. तिथून सुरुवात करू.

दुष्काळात आलेल्या बाया

आपल्या देशातली अंधांसाठीची पहिली शाळा 1887 साली अमृतसरला निघाली. ती काढली ॲनी शार्प नावाच्या इंग्रज बाईंनी. मग आपल्याकडं 1896-97 चा दुष्काळ पडला आणि त्यामागोमाग 1899-1900 चा. त्या काळात देवीचा रोग आणि उपासमार यांनी कितीतरी लेकरांचे डोळे जात. आई-बाप गेलेलं, त्यात दिसत नसलेलं मूल. आणि मुलगी असेल तर तिला कोण सांभाळणार?

1900 साली मुंबईत ॲना मिलार्ड या अमेरिकन बाईंनी अशा अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या. ती शाळा आजही दादरला आहे. आता ती कमला मेहता दादर अंध शाळा म्हणून ओळखली जाते आणि तिथं मुली राहून शिकतात. बाई गेल्या, शाळा मात्र राहिली.

दुसरं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं आहे. पुण्याहून दौंडला जाताना केडगाव स्टेशन लागतं. तिथं पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका तिथं राहत. त्यात अंध मुलीही होत्या. रमाबाईंची लेक मनोरमा शिक्षणासाठी परदेशी गेली होती. अमेरिकेत असताना ती ब्रेल लिपी शिकली, आणि परत आल्यावर केडगावच्या अंध मुलींना तिनं वाचायला शिकवलं. म्हणजे बघा, बाहेरच्या बाया इथं आल्या, तशी आपली एक मुलगी बाहेर जाऊन हातात विद्या घेऊन परतली. मनोरमाबाई 1921 साली गेल्या, पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. केडगावचं काम अजून चालू आहे.

या मिशनच्या बाया होत्या आणि धर्मप्रचार हाही त्यांच्या कामाचा भाग होता. त्यावरून त्या काळी मोठे वाद झाले. तो विषय वेगळा. आपण आज फक्त त्यांची कामाची रीत बघू. त्या दोन आठवड्यांसाठी आल्या नव्हत्या, वर्षानुवर्षं राहिल्या. त्या मराठी शिकल्या. आणि मुलींना नुसतं जेवू-खाऊ न घालता त्यांच्या हातात विद्या दिली. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं पुन्हा लागतील.

सहा ठिपके

ब्रेल म्हणजे काय, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींनी फक्त ऐकलेलं असतं. थोडं समजून घेऊ. लुई ब्रेल हा फ्रान्सचा मुलगा. लहानपणी वडिलांच्या कामाच्या हत्यारानं इजा होऊन त्याचे डोळे गेले. पुढं त्यानंच ही लिपी तयार केली.

जाड कागदावर सहा उंच ठिपक्यांची जागा असते. उभ्या दोन ओळी, प्रत्येक ओळीत तीन ठिपके. कोणते ठिपके उठवले यावरून अक्षर ठरतं. सहा ठिपक्यांतून 63 वेगवेगळ्या खुणा होतात. डावीकडचा सगळ्यात वरचा एकच ठिपका म्हणजे 'अ'. त्याच ओळीतला वरचा आणि खालचा ठिपका मिळून 'क'. मुलगी बोटाच्या टोकानं डावीकडून उजवीकडं वाचत जाते. लिहिताना मात्र उलटं. पाटीत कागद अडकवायचा आणि टोच्यानं उजवीकडून डावीकडं टोचत जायचं, म्हणजे कागद उलटला की ठिपके सरळ हाताला लागतात. आपल्या देशातल्या भाषांसाठी 1951 साली भारती ब्रेल नावाची एकच पद्धत ठरली. त्याआधी ठिकठिकाणी वेगवेगळ्या खुणा चालत.

हे सांगायचं कारण असं, की ही विद्या चार दिवसांत येत नाही. मुलीच्या बोटांना सवय लागायला महिने जातात. शिकवणाऱ्या बाईला तर आधी स्वतः शिकावं लागतं. म्हणजे आठ दिवसांच्या पाहुणीकडून हे होण्यासारखं नाही.

केक कापला, फोटो काढला, पुढं काय?

आता आजच्या दिवसांकडं येऊ. मुलींच्या एका निवासी शाळेतल्या ताईंनी आम्हाला सांगितलं, "वाढदिवस, सणवार आला की पाहुण्यांची रांग लागते. मुलींनी किती वेळा तेच स्वागतगीत म्हणायचं? केक असतो, खाऊ असतो, फोटो असतात. पण परीक्षेला लेखनिक हवा असतो, दवाखान्यात न्यायला माणूस हवं असतं, तेव्हा फोन उचलत नाहीत."

पाहुणे वाईट नसतात. त्यांच्या मनात माया असते. पण मुलीच्या बाजूनं बघा. एक ताई आली, आठ दिवस लाड केले, जीव लावला आणि गेली. महिन्याभरानं दुसरी आली. ज्या मुलीला आधीच घरापासून दूर राहावं लागतंय, तिच्या मनाला दर वेळी ओरखडा उठतो.

परदेशात तर याचा धंदा झालेली ठिकाणं आहेत. नेपाळ आणि कंबोडियात आई-बाप जिवंत असलेली मुलं खेड्यातून आणून अनाथाश्रमात ठेवली गेली. कारण मुलं दिसली की परदेशी स्वयंसेवक आणि देणग्या येतात. ऑस्ट्रेलियानं 2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा या प्रकाराची दखल घेतली. चांगल्या मनानं भरलेले पैसे कुठं जातात, हे म्हणून विचारायचं.

तेव्हा तुमची लेक म्हणाली, 'मी परदेशात स्वयंसेवक म्हणून जाते', तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. तिला पाच प्रश्न विचारा.

पहिला, तुला नेमकं काय येतं? खुणांची भाषा, व्यायाम देणं, शिवण, हिशेब, काहीतरी हातात असावं. नुसतं 'मला मुलं आवडतात' एवढं पुरत नाही.

दुसरा, तिथल्या मुलींची भाषा तुला येते का? नाही तर शिकायला किती दिवस देणार?

तिसरा, किती काळ राहणार? महिन्याच्या आत परतायचं असेल, तर मुलींच्या अंगावरचं काम घेऊ नये. तिथल्या शिक्षिकांना मदत होईल असं काम घ्यावं.

चौथा, संस्थेनं तुझी चौकशी केली का? पोलिसांचा दाखला, ओळखीची पत्रं मागितली का? पैसे भरले की कुणालाही मुलींजवळ सोडणारी संस्था असेल, तर तिथं जाऊच नये. जी दारं तुझ्यासाठी विचारपूस न करता उघडतात, ती वाईट माणसासाठीही तशीच उघडतात.

पाचवा, तू परतल्यावर ते काम कोण चालवणार?

हेच प्रश्न आपल्याकडं येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनाही लागू आहेत. गावातल्या शाळेत, अंगणवाडीत कुणी आलं तर नाव-पत्ता नोंदवा. मुलीसोबत बंद खोलीत एकट्या माणसाला बसू देऊ नका. पालकांना विचारल्याशिवाय फोटो नको. काही वावगं दिसलं तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फोन करा.

एक कटू आठवण

आपल्या जिल्ह्यात 1994 साली एक घटना घडली. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींना पुण्याला ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली गेली. कारण काय दिलं? तर मुलींना पाळी आली की स्वच्छता सांभाळता येत नाही. महिला संघटनांनी विरोध केला, देशभर आवाज उठला आणि ते प्रकरण थांबवावं लागलं.

आज कायदा स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणं दिव्यांग व्यक्तीच्या मोकळ्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार करता येत नाही. तरी अजूनही काही आया कुजबुजत विचारतात, 'तिची पिशवीच काढून टाकली तर?' त्या आईवर रागावू नका. ती एकटी दमलेली असते.

पण विचार करा, त्या मुलींना काय हवं होतं? पॅड कसं लावायचं, कधी बदलायचं, कुठं टाकायचं, हे महिनोन् महिने, न चिडता, एकाच पद्धतीनं शिकवणारी बाई. बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच मुली हे शिकू शकतात. एका वेळी एकच पायरी घ्यायची. बाहुलीला किंवा चड्डीला पॅड लावून दाखवायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला लाल टिकली लावायची. अंगाला कुणी कुठं हात लावायचा नाही, तेही याच वेळी शिकवायचं. हे काम कंपनीतल्या साहेबांचं नाही, सातासमुद्रापारच्या पाहुणीचंही नाही. ते आपल्यासारख्या बाईचं आहे, जी पुढच्या महिन्यातही तिथंच असणार आहे.

जिला मदत लागते, तीही मदत करते

आणखी एक गोष्ट. आपण समजतो, धडधाकट बाई देणारी आणि दिव्यांग मुलगी घेणारी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं काम बघा. सोळा-सतराव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. आपल्यासारखेच चाकाच्या खुर्चीवर असलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले आणि त्यांच्याकडून नसीमादीदींना जगण्याची उमेद मिळाली. 1984 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा, रोजगाराचं काम उभं राहिलं. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मचरित्र आहे, वाचनालयात मिळालं तर गटात मोठ्यानं वाचा.

म्हणून आपण मुलीला 'काय देऊ' विचारतो, तसं 'तुला काय करायचंय' हेही विचारलं पाहिजे. शेंगा सोलणं, पॅकिंग, हिशेब, फोनवर ऑर्डर घेणं, गटाच्या कामात तिची जागा असू शकते. आणि त्या कामाचे पैसे तिला मिळाले पाहिजेत.

माणमध्ये बसून काय करता येईल?

आपल्याजवळ आळंदीला 'जागृती' ही अंध मुलींची निवासी शाळा आहे. पुण्यात कोथरूडलाही अंध मुलींची शाळा आहे. आधी फोन करून, त्यांना काय हवंय ते विचारून जा. बहुतेक वेळा खाऊ नको असतो, वेळ हवा असतो.

लेखनिक म्हणजे अंध मुलीनं तोंडी सांगितलेली उत्तरं लिहिणारी व्यक्ती. लेखनिक परीक्षा देणारीपेक्षा खालच्या इयत्तेतली असावी लागते. म्हणजे तुमची नववीतली मुलगी दहावीच्या अंध मुलीची लेखनिक होऊ शकते. अक्षर चांगलं हवं, लिहिताना मनाचं घालायचं नाही, गाळायचं नाही. परीक्षार्थीला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. वर्षातले सात-आठ दिवस, पण एका मुलीचं वर्ष वाचतं.

ज्या गोष्टी ब्रेलमध्ये मिळत नाहीत त्या मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करून देता येतात. बहुतेक मोबाइलमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, ती पडद्यावरचं वाचून दाखवते. ती चालू करून द्यायला अर्धा तास लागतो.

आणि आपल्या गावातली घरात बसलेली मुलगी. तिच्यासाठी हक्क काय आहेत ते सांगतो, लिहून घ्या.

6 ते 18 वर्षांपर्यंत, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलीला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, तिला हवं तिथं. कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, नुसते डोळे-कान-पाय नाहीत.

शाळेत जाणाऱ्या दिव्यांग मुलीला समग्र शिक्षा योजनेतून महिना 200 रुपये, वर्षाचे 10 महिने, प्रोत्साहन भत्ता आहे. शाळेत मुख्याध्यापकांना विचारा.

सगळ्याला आधी दाखला लागतो. त्याला युडीआयडी कार्ड म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग तपासणीला सरकारी दवाखान्यात जायचं. आपल्याला औंधचं जिल्हा रुग्णालय जवळ पडतं. बऱ्याच आया इथंच अडतात. अर्ज भरता येत नाही, रजा मिळत नाही, मुलीला एकटीनं नेता येत नाही. गटातली एक जण सोबत गेली तर अर्धं काम होतं.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या भागात जमिनी गेल्या, इमारती आल्या, पंचायतींचं उत्पन्न वाढलं. मग ग्रामसभेत उभं राहून विचारा, यंदा हे 5 टक्के कशावर खर्च झाले? एकटीला भीती वाटते, दहा जणी गेल्या तर उत्तर मिळतं.

वागायचं कसं?

अंध मुलीला दंडाला धरून ओढू नका. आपलं कोपर पुढं करा, ती धरेल. पायरी आली की सांगा. आल्याबरोबर आपलं नाव सांगा, जाताना 'मी जाते' म्हणा, नाही तर ती हवेशी बोलत राहते.

कर्णबधिर मुलीशी बोलताना उजेडात, समोर उभं राहा. पदर तोंडावर नको. ओरडून उपयोग नाही.

चाकाच्या खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावू नका, ती खुर्ची म्हणजे तिचे पाय आहेत.

तिच्यासमोर तिच्या आईला 'हिला काय झालं?' विचारू नका. आणि तिला तिच्या नावानं हाक मारा.

वेळ कुठून आणायचा?

तुम्ही म्हणाल, शेत आहे, कंपनीत साफसफाईचं काम आहे, घरचा स्वयंपाक आहे, आपल्याला वेळ कुठं? खरं आहे. पण आपल्याकडं जे आहे ते परदेशी पाहुणीकडं नाही. आपल्याकडं गट आहे.

दहा जणींनी आळीपाळीनं जायचं, असं करू नका. मुलीला दर आठवड्याला नवा चेहरा नको असतो. दोन जणी नेमा. त्या सहा महिने, आठवड्यातले दोन तास एकाच मुलीसोबत. उरलेल्या आठ जणींनी त्या दोघींचा भार उचलायचा. कुणी तिची मुलं सांभाळेल, कुणी दळण आणेल. सहा महिन्यांनी जोडी बदलायची असेल तर जुनीनं महिनाभर नवीसोबत जायचं, मुलीला ओळख होऊ द्यायची. आणि येणारी परदेशी ताई असेल, कंपनीतली असेल, तर तिला सांगायचं, "मुलीला शिकवाच, पण आमच्यातल्या दोघींनाही शिकवून जा." म्हणजे ती विमानात बसली तरी विद्या माणमध्ये राहील.

पुढच्या बैठकीत वर्गणी गोळा झाली की एवढं करा. आपल्या वस्तीत 18 वर्षांखालच्या दिव्यांग मुली किती, त्यातल्या शाळेत किती, दाखला किती जणींकडं आहे, हे अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना सोबत घेऊन लिहून काढा. यादी भिंतीवर लावू नका, गटाच्या वहीत ठेवा. मग त्यातल्या एका मुलीच्या घरी दोघी जा. तिच्या आईशी बोला, पण आधी तिच्याशी बोला. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.